निरोगी नमुना

यंत्राच्या पडद्याचा वरचा उजवा कोपरा रिकामा असायला हवा होता, आणि तिथे ठिपके होते. फार नव्हते. निवडलेल्या रव्यात चार खडे राहून जावेत तेवढेच. शिवानीने आधी चष्मा पुसला, मग नळीवरची चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, निरोगी. रक्तही तिचंच होतं. पुण्याच्या त्या संस्थेत ती बी कावीळ अंगात घेऊन वर्षानुवर्षं जगणाऱ्या माणसांच्या रक्तावर काम करायची. रक्तातल्या टी पेशी, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढायच्या, त्यांना विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे दाखवायचे आणि कोण चवताळून उठतं ते यंत्रावर बघायचं; उठलेली प्रत्येक पेशी वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका. तुलनेला एक निरोगी माणूस लागतो. विद्यार्थी सुईला कचरतात म्हणून ती आपलीच बाही वर करायची. निरोगी माणसाच्या पेशी विषाणूच्या गाभ्यातल्या प्रथिनाच्या तुकड्यांकडे अनोळखी पाव्हण्याकडे बघावं तसं बघतात आणि गप्प बसतात. लस घेतलेल्यांच्यासुद्धा, कारण लशीत असतं ते फक्त विषाणूच्या वरच्या कवचाचं प्रथिन. गाभा ओळखणाऱ्या पेशी अंगात असतात त्या खरा विषाणू येऊन गेलेल्या माणसाच्याच. आजवर या नमुन्याला गाभ्याचे तुकडे कधी दाखवलेच नव्हते, ते या आठवड्यात पहिल्यांदा आणले होते. तिने ताजं रक्त काढून सगळं पुन्हा केलं. ठिपके पुन्हा त्याच कोपऱ्यात येऊन बसले. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, नळ्या बदलल्या असतील." शिवानी म्हणाली, "हो, तसंच असेल," आणि यंत्र बंद करून खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्याच्या कडेला मोबाइलचं नवं दुकान उघडत होतं, फुगे बांधत होते. आपल्या अंगात काहीतरी येऊन, राहून, हरून गेलं आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, या विचाराने तिला भीती वाटली नाही. आपल्या घरात कुणी कुलूप न तोडता येऊन गेल्यावर वाटावं तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिला घरी केजला जायचंच होतं. आईचा फोन आठवडाभर येत होता. धाकट्या भावासाठी, बसवेशसाठी, नांदूरघाटच्या मल्लिकार्जुनअप्पांची मुलगी सांगून आली होती, पसंती झाली होती, रविवारी बोलणी होती. सकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. नगर सुटल्यावर माळ सुरू झाले, मधेच एखादा मोबाइल कंपनीचा मनोरा, मधेच ज्वारीचा काढून ठेवलेला कडबा. शिवानीच्या मनात मात्र पडदाच होता. तिच्या रुग्णांच्या पेशींवर एक खूण असते. पीडी-वन म्हणतात तिला. पेशीच्या पाठीवर उगवलेला एक रेणू. गेल्या वर्षीच परदेशातल्या लोकांनी दाखवून दिलं होतं की ही खूण थकव्याची आहे. विषाणू वर्षानुवर्षं समोरून हलत नाही तेव्हा त्याच्याशी लढणाऱ्या पेशी मरत नाहीत, पळूनही जात नाहीत. त्या तिथेच उभ्या राहतात. आधी वाढणं सोडतात, मग एकेक हत्यार खाली ठेवतात, आणि पाठीवर ही खूण दाट होत जाते. शत्रू दिसतो, ओळखू येतो, हात उचलत नाही. ती खूण झाकणारं औषध काचेच्या ताटलीत घातलं की काही पेशी पुन्हा जाग्या होतात; सगळ्या नाही. सभांमध्ये हे सांगताना तिचा आवाज चढायचा. पण एक गोष्ट ती सभांमध्ये घाईने उरकायची. बी काविळीचा विषाणू स्वतः यकृताला फारसं काही करत नाही. यकृत जळतं ते त्याला मारायला धावलेल्या आपल्याच पेशींमुळे. मग थकवा म्हणजे हार, की घर जळू नये म्हणून स्वतःलाच घातलेला लगाम? हा प्रश्न तिला बसवेशकडे बघितल्यावर पडायचा. त्याच्या रक्तातल्या पेशींवर ती खूण तिने स्वतः मोजली होती. मोजून झाल्यावर, का कोण जाणे, बेसिनपाशी बराच वेळ हात धूत राहिली होती.

बसवेशला बी कावीळ आहे हे कळलं त्यालाही आता काही वर्षं झाली होती. नोकरी लागल्यावर शिवानीने घरच्यांना लस द्यायचं काढलं, आणि लशीआधी रक्त तपासलं तर आईचं स्वच्छ निघालं आणि बसवेशचं नाही. त्याला काही त्रास नव्हता. दुखणं नाही, ताप नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, दर सहा महिन्यांनी दाखवत जा, बाकी कामधाम कर. तो दोनदा गेला आणि मग जायचा बंद झाला. वडील गेल्यावर भांड्यांचं दुकान त्याच्याकडेच आलं होतं. पितळ जाऊन सगळं स्टील झालं होतं. लग्नसराईत भांड्यांवर नाव घालून घ्यायला गर्दी व्हायची, आणि तो मान खाली घालून विजेच्या सुईने टरटर नावं कोरत बसायचा. कळल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने घरातलं एक ताट, एक वाटी, एक तांब्या बाजूला काढून त्यांवर स्वतःचं नाव घातलं. शिवानीने हजारदा सांगितलं की हे जेवणातून पसरत नाही, ताटातून, पाण्यातून, जवळ बसल्याने पसरत नाही. तो म्हणायचा, "बरं." आणि आपलं ताट आपण धुवायचा. हे आलं कुठून, हा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. आईकडून आलं नव्हतं. शिवानीचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. तिने शिकत असतानाच लस घेतली होती, तिच्या रक्तात जे सापडायचं ते लशीचं, हे सगळ्यांनी आणि तिने स्वतःही धरूनच टाकलं होतं. शिकलेल्या माणसाला आपल्याबद्दल काही विचारायचं सुचत नाही.

घरी पोचली तेव्हा आई, नीलम्मा, अंगणात शेंगा फोडत बसली होती. शिवानीने पाय धुतले, पाणी प्यायली आणि पहिलंच विचारलं, "आई, मला लहानपणी कावीळ झाली होती का?"

"झालती की," नीलम्मा शेंगा फोडणं न थांबवता म्हणाली. "तुला आठवत न्हाई? लई मोठी झालती. डोळे हळदीवानी. तुझे वडील तुला धारूरला घेऊन गेलते, माळ घालायला."

आणि एवढं ऐकल्याबरोबर शिवानीला आठवलं. आठवलं म्हणजे ते कुठे गेलंच नव्हतं, फक्त त्याला आजवर नाव नव्हतं. धारूरच्या किल्ल्याखालचं घर, एक खोकणारा म्हातारा, त्याने तिच्या डोक्यावर ठेवलेली वाळक्या काड्यांची माळ. ती रोज थोडी सैल होत खाली उतरायची, गळ्यात, मग खांद्यावर, आणि वडील म्हणायचे, बघ, उतरतीय. वडिलांच्या दुकानातले पितळेचे हंडे आठवले. त्यांत तोंड बघायचा तिला नाद होता. पितळेत सगळ्यांचीच तोंडं पिवळी दिसायची, त्यामुळे आपल्यात काही वेगळं झालंय असं तिला वाटलंच नव्हतं. आणि कमरेवर बसवेश. रांगता, जड, लाळ गाळणारा. शाळेतून आली की ती त्याला कमरेवर घ्यायची ते आई हाक मारेपर्यंत. त्या वर्षी दोघांच्याही अंगाला खरूज होती. एकाच फडक्याने पुसायचे, एकाच पलंगावर खाजवत झोपायचे.

"आणि बसू?" तिने विचारलं. "बसूला झाली होती?"

"त्याला कुठली? त्याचे डोळे कापसावानी पांढरे. तू पिवळी आन् तो गुबगुबीत. लोक म्हणायचे, पोराला नजर लागंल. दोघांला सुया मात्र दिल्या व्हत्या. त्यो कंपाउंडर यायचा बघ सायकलवर, एकच सुई, पाण्यात उकळायचा आन् गल्लीभर टोचीत जायचा." नीलम्माने टरफलं सुपात ओढली. "आता कावून इचारतीस हे?"

 शिवानीला सगळं दिसत होतं, एखाद्या पाठ असलेल्या प्रकरणासारखं. सहा-सात वर्षांच्या मुलाला हा विषाणू लागला की बहुधा डोळे पिवळे होतात, अंग पेटून उठतं आणि विषाणू हरतो. वर्षाच्या आतल्या बाळाला लागला की काहीच होत नाही. डोळे पांढरे राहतात. बाळाच्या कोवळ्या पेशी त्याला घरातलाच समजून जागा देतात, आणि तो जन्मभर राहतो. पिवळी झालेली वाचते आणि गुबगुबीत अडकतो. विषाणू तिच्या खाजवलेल्या खरजेच्या रक्तातून बसवेशमध्ये गेला की कंपाउंडरच्या सुईने दोघांत एकदमच आला, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं. कुठल्याही यंत्रावर त्याचा ठिपका उमटणार नव्हता. तिने स्वतःला दोष देऊन पाहिला. दोष नीट बसेना. सात वर्षांच्या पोरीवर तो फार मोठा व्हायचा. पण तो काढून ठेवावा अशी जागाही सापडेना.

"उद्या नांदूरघाटला त्या लोकांना सांगायचं का?" तिने विचारलं.

नीलम्माचे हात थांबले. "काय सांगायचं?"

"बसूचं."

"अजाबात न्हाई." तिचा आवाज एकदम खाली गेला, जणू भिंतीपलीकडे कुणी ऐकतंय. "शिवे, तू पुण्याला जाशील माघारी. आमाला हितं ऱ्हायचंय. एकदा मोडलं की तालुक्यात कुणी पोरगी देनार न्हाई त्याला. धडधाकट तर हाय पोरगा. त्याला काय झालंय?"

"तिला लागू शकतं, आई. लग्न झाल्यावर लागतं. आधी लस दिली तर नाही लागत. तीन सुया, बस. पण आधी सांगावं लागेल."

"मंग लगीन झाल्यावर दे की सुया! तुझीच भावजय हाय, कायतरी दुसरं सांगून दे. ताकदीच्या म्हन."

शिवानीला राग यायला हवा होता. पण आईचा चेहरा पाहून तिला वाटलं, ही बाई इतकी वर्षं एका ठिकाणी उभी आहे, सगळं बघत, आणि हात उचलला तर घर जळेल या भीतीने उचलत नाहीये. असल्या गप्प बसण्याला नुसतं भित्रेपण म्हणून सोडून देता येत नाही. तरीही त्या गप्प बसण्याने विषाणू जात नाही, हेही तेवढंच खरं. शिवानीला दोन्ही पटत होतं आणि दोन्हींचा एकत्र काही उपयोग नव्हता.

दुपारी ती दुकानात गेली. बसवेश एका कळशीवर नाव घालत होता. तिला पाहून त्याने सुई थांबवली, स्टूल पुसून दिलं. तो बारीक झाला होता, की तिला तसं बघायची सवय लागली होती, कोण जाणे.

"अक्का, लई दमल्यावानी दिसतीस."

"बसू, मला पण झालं होतं," ती म्हणाली. पुढचं काय, कसं, हे ठरवायला तिने एसटीतला अख्खा प्रवास घालवला होता आणि त्यातलं एकही वाक्य आता जवळ नव्हतं. "तेच. तुला आहे तेच. तू रांगत होतास तेव्हा. माझं बरं झालं, आणि तुझं... माझ्याकडूनच तुला आलं असेल. किंवा एकाच सुईने दोघांना. ते कळायला आता मार्ग नाही."

 रस्त्यावरून एक जीप नांदूरघाट, नांदूरघाट असं ओरडत गेली. शिवानी वाट पाहत होती ती रागाची, किंवा त्याच्या त्या नेहमीच्या 'बरं'ची.

"तुलाबी झालतं?" तो म्हणाला. "खरंच?"

"खरंच. कालच कळलं. रक्तात अजून त्याची ओळख आहे."

"मला वाटायचं, मला एकट्यालाच." तो हसला, आणि ते हसू त्याला जमलं नाही. "अक्का, ज्या दिवशी तू सांगितलंस ना, त्या दिवसापासून मी इचार करतोय, मी काय केलतं? लातूरला शिकायला गेलतो तवा काय खाल्लं, कुठं बसलो. लोकांला वाटंल पोरगं वाईट मार्गाला गेलतं. आईलाबी वाटत असंल, म्हनत न्हाई. म्हनून डाक्टरकडं जायचं सोडलं. तिथं बाकड्यावर बसलं की वाटायचं, सगळे माझ्याकडंच बघायलेत." त्याने कळशी फिरवून पाहिली. "आन् ते घरातलंच व्हतं व्हय? रांगत असतानाचं?"

"घरातलंच. मी तुला किती वेळा सांगितलं होतं, बसू, लहानपणी लागतं, ताटातून पसरत नाही..."

"सांगितलं व्हतंस. पन ते पुस्तकातलं वाटायचं. तू त्या बाजूला, मी या बाजूला."

 इतकी वर्षं तिने त्याला आकडे दिले होते, चित्रं काढून दाखवली होती, त्याच्या पेशींच्या पाठीवरची खूण मोजली होती. त्याला हवं होतं ते एवढंसंच काहीतरी, आणि ते तिच्या शिरांत पडून होतं, न मागता, न कळता. बसवेशने उरलेलं अक्षर पुरं केलं, कळशी फडक्याने पुसली आणि म्हणाला, "उद्या मीच सांगतो तिथं. तू बोलू नको. तू बोलली की लोकांला वाटतं लई मोठं कायतरी हाय."

नांदूरघाटला तिघंही गेले. नीलम्मा येणार नाही म्हणत होती आणि शेवटी सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली. मल्लिकार्जुनअप्पा साठीच्या आतले, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलायला मऊ. घराला लागूनच त्यांचं किराणा दुकान. शरणार्थाचे नमस्कार झाले, चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मुलगी, रुद्राणी, कप गोळा करून आतल्या दाराशी उभी राहिली. अप्पांनी तिथीचा विषय काढला तेव्हा बसवेशने पाय जवळ घेतले आणि सांगून टाकलं. कुठून आलं, कधी आलं, आता कसं आहे, पुढे काय होऊ शकतं. शिवानीला त्याचं एकेक वाक्य दुरुस्त करावंसं वाटत होतं, आणि तिला हेही कळत होतं की दुरुस्त केलं तर ते वाक्य मरेल. नीलम्मा पदराची कड बोटाला गुंडाळत होती. तो म्हणाला, "यकृत पुढंमागं खराब होऊ शकतं. सगळ्यांचं होतंच असं न्हाई. मी दाखवायला जायला पायजे व्हतं, गेलो न्हाई. आता जानार. हे तुमाला लगीन ठरायच्या आधी माहीत असावं."

 बाहेर दुकानात कुणी गिऱ्हाईक हाका मारत होतं, तिकडे कुणी गेलं नाही.

मग दारातून रुद्राणी म्हणाली, "सुया घेतल्या की मला काही होनार न्हाई?"

"न्हाई," बसवेश म्हणाला.

"आन् तुमाला?"

त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. "ते अजून म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि आत गेली. तिच्या बघण्यात होकार होता की दया, हे शिवानीला ओळखता आलं नाही. आयुष्यभर ती खुणा वाचत आली होती. पण जिवंत माणसाच्या तोंडावरची खूण कुठल्या रंगाने उठून दिसते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अप्पा एवढंच म्हणाले, "इचार करून कळवतो." त्या शब्दांचा अर्थ नीलम्माला बरोबर ठाऊक होता. ती उठली, पदर सारखा केला आणि कुणाकडेही न बघता पुढे चालू लागली.

ते जीपपर्यंत पोचले नव्हते तोच मागून चपलांचा आवाज आला. अप्पा होते. उघड्या डोक्याने, घाईघाईने आलेले. नीलम्मा चार पावलं पुढे होती. त्यांनी बसवेशच्या दंडाला धरून त्याला घराच्या पुढच्या लिंबाखाली घेतलं. शिवानी डॉक्टर नव्हती, पण त्यांनी तिलाही थांबायची खूण केली.

"मागं मोंढ्याच्या बाजारात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रगत घेत व्हते," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मीबी दिलं. मंग निरोप आला, तुमचं रगत चालत न्हाई, कावीळ हाय, मोठ्या दवाखान्यात दाखवा. मला तर काविळीचं काही दिसंना. म्हनलं, चुकलं असंल त्यांचं. कुनाला बोललो न्हाई. घरातबी न्हाई." त्यांनी घराकडे वळून पाहिलं. "ते हेच असंल का?"

शिवानीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, नीट, क्रमाने लागलेलं. असू शकेल, आधी खात्रीची तपासणी, मग तुमच्या पत्नीची, मुलीची. बसवेश तिच्याआधी बोलला.

"असंल, अप्पा. मला येत्या सोमवारी अंबाजोगाईला जायचंय. तुमी केजच्या स्टँडवर या. संग जाऊ. बाकड्यावर दोघं असलो की कुनी बघत न्हाई."

"लगनाचं मंग..."

"ते तुमचं तुमी बघा. न्हाई म्हनलात तरी मी सोमवारी स्टँडवर हाय."

अप्पांनी मान हलवली. आणखी काहीतरी विचारायचं असल्यासारखे ते घुटमळले.

"पन आधी घरात सांगा," बसवेश म्हणाला. "सुया त्यांलाबी लागतील. मी लोकांच्या धाकानं गप बसलो, तसं करू नका."

अप्पा वळले आणि हळूहळू चालत गेले. उंबऱ्यात ते थांबले, एक हात चौकटीवर ठेवून. जीपवाला हॉर्न वाजवत होता, नीलम्मा जीपमधून "चला की" म्हणत होती, पण बसवेश हलला नाही, म्हणून शिवानीही हलली नाही. मग घराच्या आतून अप्पांचा आवाज आला, जरा मोठाच, जणू सवय नसलेल्या माणसाने हाक मारावी तसा.

"रुद्राणी, आईला बाहेर बोलाव. आन् तूबी बस हितं. मला कायतरी सांगायचंय."